एक लाख अधिक एक लाख बरोबर दोन

समजा, नांदेडच्या आरक्षण खिडकीवर एक लाख तिकिटं विकली गेली आणि लातूरच्या खिडकीवरही एक लाख. दोन्ही खिडक्या एकाच मध्यवर्ती संगणकाला जोडलेल्या आहेत. तिकीट निघालं की तिथल्या एका आकड्यात एक मिळवायचा, एवढंच काम त्यांना नेमून दिलं आहे. सुरुवातीला आकडा शून्य होता. सगळी विक्री संपल्यावर तो किती दिसेल? दोन लाख, असं कुणीही सांगेल. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं एक खबरदारी घेतली नसेल, तर तो आकडा २ असू शकतो. दोन लाख नव्हे, नुसता दोन.

खिडक्यांचा हा हिशेब मी रचलेला आहे, पण त्यामागचं गणित पक्कं आहे. आपल्याला ‘एक मिळव’ ही एकच क्रिया वाटते. संगणकासाठी त्या तीन क्रिया असतात: मेमरीतला आकडा वाचायचा, आपल्याजवळ त्यात एक मिळवायचा आणि नवा आकडा मेमरीत परत लिहायचा. या तीन पायऱ्यांच्या मध्ये कुठंही एक काम थांबू शकतं आणि दुसरं पुढं सरकू शकतं.

आता पाहा. नांदेडनं शून्य वाचला आणि त्याच क्षणी त्याचं काम थांबलं. दरम्यान लातूरनं ९९,९९९ तिकिटं विकली, आकडा ९९,९९९ झाला. नांदेडचं काम पुन्हा सुरू झालं. त्याच्याजवळ मघाचा शून्यच होता, त्यात एक मिळवून त्यानं १ लिहिला. लातूरची सगळी विक्री पुसली गेली. लातूरनं आपल्या शेवटच्या तिकिटासाठी तो १ वाचला आणि या वेळी त्याचं काम थांबलं. नांदेडनं उरलेली ९९,९९९ तिकिटं विकली, आकडा एक लाखावर गेला. मग लातूर पुढं सरकला, आपल्याजवळच्या १ मध्ये एक मिळवला आणि २ लिहून मोकळा झाला. कुणाची बेरीज चुकली नाही, कुणी एकही तिकीट कमी विकलं नाही. तरी दोन लाखांचे दोन झाले. त्या दिवशी कोण कुठं थांबलं यावर अवलंबून दोनपासून दोन लाखांपर्यंतचा कोणताही आकडा तिथं दिसू शकतो.

एकाच वेळी चालणाऱ्या अशा कामांना थ्रेड म्हणतात. गाडी, बर्थ, बँकेतलं खातं अशा गोष्टींची माहिती आणि त्या माहितीवर करायची कामं एकत्र बांधली की त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. अनेक थ्रेड एकाच ऑब्जेक्टला हात घालतात तेव्हा त्यांना शिस्त कशी लावायची, हा संगणकशास्त्रातला अतिशय अवघड प्रश्न आहे. तो किती अवघड आहे, हे शब्दांत सांगून पटत नाही. त्यासाठी आकडेच मांडावे लागतात.

दोन थ्रेड घ्या. प्रत्येकानं एकदाच एक मिळवायचा आहे. प्रत्येकाच्या तीन पायऱ्या, म्हणजे एकूण सहा. स्वतःच्या पायऱ्यांचा क्रम न मोडता त्या एकमेकांत किती प्रकारे गुंफल्या जाऊ शकतात? २० प्रकारे. त्यांतले बरोबर उत्तर देणारे फक्त २: आधी एकाचं सगळं, मग दुसऱ्याचं सगळं, किंवा उलट. उरलेल्या १८ क्रमांत एक तिकीट हरवतं.

तीन थ्रेड केले की क्रम होतात १,६८० आणि त्यांतले बरोबर ६. चार थ्रेडना ३,६९,६०० क्रम, बरोबर २४. पाच थ्रेडना १६,८१,६८,०००, म्हणजे पावणेसतरा कोटींहून थोडे अधिक, आणि त्यांतले बरोबर फक्त १२०. चौदा लाखांत एक, असं ते प्रमाण पडतं.

आता दहा थ्रेड. दहा खिडक्या, प्रत्येकीवर एकच तिकीट, एकूण तीस पायऱ्या. क्रमांची संख्या ४,३८७ वर आणखी २१ शून्यं इतकी होते. बरोबर क्रम ३६,२८,८००. हे सगळे क्रम एकेक करून तपासायचे ठरवले आणि दर सेकंदाला एक कोटी क्रम तपासणारं यंत्र त्यासाठी बसवलं, तर काम संपायला सुमारे १,३९० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं मानलं जातं. म्हणजे विश्वाच्या जन्माबरोबर तपासणी सुरू केली असती, तर दहा तिकिटांचा हिशेब आजही अपुराच असता.

हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘प्रोग्रॅम हजारदा चालवून पाहिला, एकदाही चुकला नाही’ या समाधानाचा पायाच तो काढून घेतो. प्रत्यक्षात सगळे क्रम सारख्या प्रमाणात घडत नाहीत. एक थ्रेड बहुतेक वेळा बराच वेळ अखंड चालतो, त्यामुळं चाचणीत उत्तर हटकून बरोबर येतं. चूक वाट पाहत बसते आणि गर्दीच्या दिवशी वर येते.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. कारणं अनेक होती; वाढलेल्या झाडांना वीजवाहिन्या टेकल्या हेही त्यांतलं एक. पण ओहायोतल्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणक यंत्रणाच मुकी झाली होती, त्यामुळं बिघाड पसरत असताना तिथल्या माणसांना तो वेळेत कळला नाही. पुढं शोध घेतल्यावर सापडलं ते असं: दोन कामांनी एकाच माहितीला एकाच क्षणी लिहिण्यासाठी हात घातला होता. ती प्रणाली त्याआधी वेगवेगळ्या ठिकाणी मिळून तीस लाख तासांहून अधिक काळ चालली होती. तीस लाख तास म्हणजे जवळजवळ ३४२ वर्षं. तेवढ्या काळात ही चूक एकदाही वर आली नव्हती.

परत आपल्या मुलखात येऊ. नांदेड–पनवेल एक्सप्रेस ही नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांची गाडी. नांदेडहून परभणी, परळी वैजनाथ, लातूर रोड, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पुणे करत ती पनवेलला पोचते. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेली मराठवाड्याची किती मुलं या गाडीनं जा-ये करतात! या गाडीतली एक बर्थ म्हणजे संगणकात खरं तर टप्प्यांची माळ असते. नांदेड ते लातूर एकजण झोपून गेला तर तीच बर्थ लातूरपासून पुण्यापर्यंत दुसऱ्याला देता येते. पण नांदेडच्या मुलाला थेट पुण्यापर्यंत हवी असेल आणि त्याच क्षणी लातूरच्या मुलीला लातूर–पुणे हवी असेल, तर दोघांची मागणी एकाच तुकड्यावर येऊन आदळते. दोघांच्याही पडद्यावर जागा शिल्लक दिसत असते आणि दोघांच्याही पडद्यावरचं ते खरंच असतं.

एखाद्या गाडीला वीस थांबे धरा. चढायचं एक आणि उतरायचं एक, अशा १९० जोड्या होतात. शयनयानाचे दहा डबे, डब्यात ७२ बर्थ, म्हणजे ७२० बर्थ. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. तरी एका गाडीच्या ४३,२०० बर्थ एका वेळी विक्रीला खुल्या राहतात आणि प्रत्येकीचे १९ टप्पे धरले तर ८,२०,८०० तुकडे होतात. ही एका गाडीची गोष्ट झाली. देशात आरक्षणाच्या गाड्या हजारोंनी आहेत.

आणि मागणारे हात किती? रेल्वे मंत्रालयानं दिलेल्या माहितीनुसार २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं काढली गेली, तोवरचा तो उच्चांक. सेकंदाला ५३०. म्हणजे दर दोन मिलिसेकंदांत एका तिकिटाहून थोडं अधिक. रेल्वेच्या नव्या आरक्षण यंत्रणेसाठी मिनिटाला दीड लाख तिकिटं आणि चाळीस लाख चौकशा असं लक्ष्य ठेवलं गेलं. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ सकाळी दहाला उघडतं आणि बाकीचं अकराला. पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनसाठी जेवढे प्रयत्न होतात त्यांतले निम्मे माणसांचे नसून आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमचे असतात, असंही मंत्रालयानंच सांगितलं. अडीच कोटी संशयास्पद खाती बंद करावी लागली. अकराच्या ठोक्याला मोबाइल हातात धरून बसलेला लातूरचा विद्यार्थी आणि त्याच बर्थवर टपलेला एखाद्या एजंटचा प्रोग्रॅम यांच्यात मिलिसेकंदांची शर्यत लागते. ती माणसाच्या बोटांनी जिंकता येणारी नाही. म्हणूनच जुलै २०२५ पासून सुरुवातीची तीस मिनिटं एजंटांना बंद केली आणि ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची केली, हे योग्यच झालं.

अशी गर्दी असताना एक बर्थ दोघांना जात नाही, यामागं १९८०च्या दशकापासून केलेलं काम आहे. रेल्वेची संगणकीय आरक्षण पद्धत १९८५च्या सुमारास दिल्लीत सुरू झाली. पुढं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं उभी राहिली आणि १९९९पर्यंत ती एकमेकांना जोडली गेली. गाडीच्या जागांची मूळ नोंद या पाचांपैकी एकाच केंद्रात असते. तिकीट कुठूनही काढा, निर्णय तिथंच होतो. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेचा, त्याचं मुख्यालय सिकंदराबादला. लातूर स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, मुख्यालय मुंबईला. शेजारशेजारचे दोन जिल्हे, पण त्यांचे रेल्वेचे कारभार दोन टोकांना. अशा वेळी ‘एका वस्तूचा मालक एकच’ हा नियम नसता, तर दोन ठिकाणी दोन खरी उत्तरं तयार झाली असती.

अंतराचाही हिशेब करण्यासारखा आहे. नांदेड–लातूर रस्त्यानं सुमारे १४० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एवढं अंतर कापायला त्याला ०.७ मिलिसेकंद लागतो. आपल्याला तो वेळ जाणवणारही नाही. पण तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात २१ लाख ठोके पडून जातात. नांदेडहून निघालेली ‘ही बर्थ मी घेतली’ ही बातमी लातूरला पोचेपर्यंत लातूरच्या यंत्राच्या लेखी युग उलटलेलं असतं. एका चिपमध्येही हीच अडचण आहे: त्या प्रोसेसरच्या एका ठोक्यात प्रकाश निर्वातातसुद्धा जेमतेम दहा सेंटिमीटर जातो.

अनेक कामं एकाच वस्तूला हात घालतात, त्यावरचा उपाय पहिल्यांदा नेमका मांडला तो डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी. १९६५ साली त्यांनी दाखवून दिलं की कितीही कामं एकाच वेळी चालू असली तरी नाजूक भागात एका वेळी एकालाच शिरू द्यायचं, हे नियमांनी साधता येतं. त्यांनी सुचवलेल्या साधनाला रेल्वेच्या हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलचंच नाव मिळालं: सेमाफोर. एकेरी लोहमार्गावरची जुनी टोकन पद्धतही तशीच: ज्या चालकाच्या हाती टोकन, त्याचीच गाडी पुढच्या टप्प्यात शिरायची; समोरून येणारीनं स्थानकात थांबायचं. त्यात कुणाच्या वेगाचा किंवा तातडीचा विचार होत नसे.

१९७०च्या दशकात पेर ब्रिंक हान्सेन आणि टोनी होअर यांनी ही शिस्त ऑब्जेक्टच्याच अंगी बांधली. प्रत्येक वापरणाऱ्यानं आठवणीनं कुलूप लावण्याऐवजी वस्तूनंच आपलं कुलूप बाळगायचं, ही ती कल्पना. १९९५ साली आलेल्या जावा भाषेत प्रत्येक ऑब्जेक्टला असं एक लॉक जन्मतःच मिळालं. मेथडच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या एखाद्या कामाच्या, आधी ‘सिंक्रोनाइज्ड’ एवढं लिहिलं की एक थ्रेड आत असेपर्यंत दुसरा त्याच लॉकची वाट पाहत दारात उभा राहतो. आपल्या दोन खिडक्यांच्या गणितात हा एक शब्द घातला की वीस क्रमांचे दोन उरतात, आणि दोन्ही बरोबर असतात. दहा खिडक्यांसाठी, ज्यांना मोजायला विश्वाचं वय पुरत नाही असे सगळे चुकीचे क्रम त्या एका शब्दानं अशक्य होऊन जातात. संगणकाच्या जगात इतक्या थोडक्या अक्षरांनी एवढं मोठं काम क्वचितच होत असेल.

पण लॉक लावलं म्हणजे सगळं झालं, असं नाही. कुलूप कशाला लावायचं? पूर्ण गाडीला लावलं तर सातशे वीस बर्थ रिकाम्या असूनही एका वेळी एकच तिकीट निघेल. बर्थला लावलं तर वेग येतो, पण नवा धोकाही येतो. नांदेडच्या जोडप्याला १७ आणि १८ नंबर हवेत, लातूरच्या जोडप्यालाही तेच. नांदेडनं १७ धरला, लातूरनं १८ धरला आणि आता दोघंही दुसरा सुटण्याची वाट पाहताहेत. कुणी सोडत नाही, कुणाला मिळत नाही, आणि हे कायमचं. यालाच डेडलॉक म्हणतात. त्यावरचा एक उपाय अगदी सोपा आहे: कुलुपं नेहमी लहान नंबरापासून मोठ्याकडं घ्यायची. मग दोघंही आधी १७कडेच धावतात, ज्याला तो मिळाला त्याला १८ही मिळतो. कुठलं महागडं यंत्र न आणता, नुसता क्रम ठरवून हा प्रश्न सुटतो.

वाटून घेण्याचं दुखणं लातूरकरांना वेगळ्या रूपात ठाऊक आहे. २०१७ साली मुंबई–लातूर गाडी बीदरपर्यंत नेण्याचा निर्णय झाला, तेव्हा लातूरमध्ये मोठं आंदोलन झालं. अखेर आठवड्याचे चार दिवस लातूर आणि तीन दिवस बीदर अशी वाटणी ठरली. हा लॉकचाच एक प्रकार. फक्त मिलिसेकंदांऐवजी दिवसांत मोजलेला.

आता लॉकची किंमत. १९६७ साली जीन अॅमडाल यांनी एक साधं सूत्र मांडलं. कामाचा जो भाग एकापाठोपाठ एकच करावा लागतो, तो सगळ्या वेगाला लगाम घालतो. शंभरातला पाचवा हिस्सा नव्हे, शंभरातले नुसते पाच भाग तसे असले तरी यंत्र कितीही वाढवा, वेग वीसपटीपलीकडं जात नाही. कॅलिफोर्नियातला ‘एल कॅपिटान’ महासंगणक नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात पहिला ठरला; त्यात एक कोटी दहा लाखांहून अधिक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे हिशेब करणारे भाग, आहेत. त्याला दिलेल्या कामातला हजारावा भाग जरी एका लॉकमागं रांगेत उभा राहिला, तरी सारे एक कोटी दहा लाख कोअर मिळून एका कोअरच्या हजारपटही काम करू शकणार नाहीत. उरलेले वाट पाहत राहतील.

म्हणून मोठी यंत्रं बांधणारे शक्यतो वस्तू सामायिक ठेवतच नाहीत. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला, तो याच मार्गानं. त्यात ट्रान्सप्युटर जातीचे ६४ प्रोसेसर होते, प्रत्येकाची मेमरी वेगळी, आणि ते एकमेकांना निरोप पाठवून काम करायचे. दुसऱ्याच्या आकड्याला परस्पर हात लावायचाच नाही.

मात्र जिथं वस्तूच एक आहे तिथं ही पळवाट नाही. बर्थ एकच असते. खात्यातली शिल्लक एकच असते. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरात यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदा महिन्याला २,००० कोटींच्या वर गेले, म्हणजे सरासरी सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास. नांदेडच्या चहावाल्यापासून लातूरच्या अडत दुकानापर्यंत प्रत्येक व्यवहारात कुठल्या तरी दोन खात्यांचे आकडे वाचले जातात, बदलले जातात आणि लिहिले जातात. वाच, मिळव, लिही. त्याच तीन पायऱ्या, आणि त्या तिन्हींच्या मध्ये दुसऱ्या कुणाला शिरू न देणारी तीच शिस्त.

असे प्रोग्रॅम लिहिणारे उद्याचे प्रोग्रॅमर आज नांदेडच्या विष्णुपुरीत, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत, तसेच लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत शिकत आहेत. लॉकची व्याख्या परीक्षेत सगळेच लिहितात. माझं त्यांना सांगणं आहे की व्याख्या बाजूला ठेवा आणि आजच जावात वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहा: एक आकडा, दोन थ्रेड, प्रत्येकानं एक कोटी वेळा एक मिळवायचा. लॉक न लावता तो दहा वेळा चालवा आणि आलेलं उत्तर दर वेळी वहीत उतरवा. एक लाखावर थांबू नका, कारण कधी कधी पहिला थ्रेड दुसरा सुरू होण्याआधीच संपतो आणि उत्तर फसवं बरोबर येतं. मग ‘सिंक्रोनाइज्ड’ लावा आणि पुन्हा दहा वेळा चालवा. शेवटी तीन थ्रेडचे १,६८० क्रम कसे येतात ते कागदावर स्वतः काढा. तेवढं एकदा हातानं केलं, की सामायिक आकड्याला लॉक न लावता हात घालायला तुमचं मन पुन्हा धजावणार नाही.